कशेडीचा घाट आणि बहरीनचा शुक्रवार

११ एप्रिलला जुम्याची नमाज पढून परत येत होतो, तर आपाच्या पडवीत भांडण चालू होतं. भाचा एकटाच बसला होता, मोबाइल तोंडासमोर धरून. पलीकडे दुल्हेभाई, बहरीनहून. बापलेक पैशावरून नाहीतर दहावीच्या पेपरांवरून भांडत असतील असं वाटून मी पायरीवरच थांबलो. दोन मिनिटं ऐकल्यावर कळलं की भांडण दहा सिलिंडरच्या इंजिनवरून आहे.

दुल्हेभाई त्या दिवशी साखीरच्या सर्किटवर निघाले होते. फॉर्म्युला वनची शर्यत रविवारी, १३ तारखेला होती, पण रविवारी तिकडे कामाचा दिवस. बहरीनची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि त्यांच्या गॅरेजला त्यातला एकटा शुक्रवार मिळतो. शर्यतीचा वीकएंड तीन दिवसांचा असतो: शुक्रवारी दोन सराव, शनिवारी आणखी एक सराव आणि मग कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारी फेरी, रविवारी शर्यत. काही ठिकाणी २०२१ पासून शनिवारी छोटी स्प्रिंट शर्यतही घेतात, तेव्हा सराव एकच उरतो. मला हे सगळं भाच्याने शिकवलं. बावीस वर्षं बहरीनमध्ये राहून दुल्हेभाईंच्या वाट्याला या तीन दिवसांतला फक्त पहिला दिवस येतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही. "सरावात इंजिन नीट ऐकू येतं," असं त्यांचं म्हणणं, "शर्यतीत नुसता गोंगाट."

आणि त्याच दिवशी, त्याच बहरीनमध्ये, इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांची बैठक होती. भाच्याने ती बातमी सकाळीच वाचली होती. मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायम हे दुबईचे, स्वतः मध्यपूर्वेचं रॅली अजिंक्यपद १४ वेळा जिंकलेले. त्यांनी फेब्रुवारीत बोलून दाखवलं होतं की पर्यावरणाला न बाधणारं इंधन वापरून जुनं दहा सिलिंडरचं इंजिन, व्ही-टेन, परत आणायचा विचार करावा. बैठक त्यासाठीच होती. दुल्हेभाईंना ही बातमी मुलाकडून कळली तेव्हा ते इतके खूश झाले की मुलगा चिडला.

त्यांचा आनंद समजून घ्यायला एकवीस वर्षं मागे जावं लागेल. दुल्हेभाई पोरवयात कशेडी घाटात ट्रकवर क्लीनर होते. चढावर गाडी धापा टाकायला लागली की खाली उतरून हातात दगड घेऊन चाकामागे चालायचं, थांबली की दगड लावायचा, रेडिएटर उकळला की झऱ्याचं पाणी आणायचं. तिथून घाटाखालच्या गॅरेजमध्ये चाचांकडे लागले, इंजिन उतरवायला आणि बांधायला शिकले, आणि २००३ मध्ये डिझेल मेकॅनिकच्या व्हिसावर बहरीनला गेले. पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल २००४ ला, तिथे पहिली शर्यत झाली. मध्यपूर्वेतली ती पहिलीच. शूमाकर जिंकला. दुल्हेभाईंकडे तिकीट नव्हतं. ते आणि आणखी तिघे कंपनीच्या पिकअपमधून गेले आणि बाहेर रस्त्याच्या कडेला वाळूत उभे राहिले. दिसलं काहीच नाही. पण आवाज ऐकला. ती गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की आपा आता मध्येच उठून चहा ठेवायला जाते.

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो, गणिताशी माझं फार जमत नाही. तरी एकदा भाच्याबरोबर बसून हिशेब केला. त्या काळचं तीन लिटरचं व्ही-टेन इंजिन मिनिटाला १९,००० फेरे घ्यायचं. चार-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. म्हणजे सेकंदाला दीड हजारांहून जास्त स्फोट. घाट चढणारा सहा सिलिंडरचा ट्रक मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर त्याचे सेकंदाला शंभर. ज्या माणसाने आयुष्यभर शंभराचा आवाज ऐकून इंजिनचं दुखणं ओळखलं, त्याच्या कानावर एकदम दीड हजार आले. त्याला ते विसरता येत नाही यात नवल नाही.

ते इंजिन २००५ नंतर गेलं. मग २.४ लिटरचं आठ सिलिंडरचं आलं. २०१४ पासून १.६ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो, जोडीला बॅटरी आणि दोन विद्युत यंत्रं. एक यंत्र ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती साठवतं, दुसरं टर्बोच्या दांड्यावर बसून धुराच्या जोराची वीज करतं. आवाज खाली आला. दुल्हेभाई म्हणतात, "मिक्सर लावलाय." पण भाच्याने एक गोष्ट सांगितली ती मला जास्त ऐकण्यासारखी वाटली. २०१७ मध्ये मर्सिडीजने चाचणीच्या बाकावर या इंजिनातून इंधनातल्या उष्णतेपैकी ५० टक्क्यांहून जास्त कामाला लावून दाखवली. साधं पेट्रोल इंजिन निम्म्याहून बरीच जास्त उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत सोडून देतं. जो माणूस घाटात झऱ्याचं पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतत होता, त्याने तरी या आकड्याला मान द्यायला हवा होता. पण मिक्सर तो मिक्सरच.

२०२६ पासून पुन्हा सगळं बदलतंय. टर्बोवरचं यंत्र जाणार. ते महाग होतं आणि नव्या कंपन्यांना जड जात होतं. ब्रेकवरच्या यंत्राची ताकद १२० किलोवॉटवरून ३५०, म्हणजे जवळपास ४७० अश्वशक्ती. पेट्रोलची बाजू साधारण ४०० किलोवॉटपर्यंत खाली येणार. निम्मी गाडी इंजिनची, निम्मी बॅटरीची म्हणा ना. इंधन खनिज तेलातून काढलेलं चालणार नाही. हे ठरलं म्हणून ऑडी आली, होंडा थांबली, फोर्ड परतली. त्यांनी पैसा ओतल्यावर आता परत दहा सिलिंडर आणू म्हणणं म्हणजे मांडव उभा राहिल्यावर नवरी बदलू म्हणण्यासारखं होतं. बैठकीतून निघालं तेही तसंच: २०२६ चे नियम कायम, आणि पुढे जे काही इंजिन येईल त्यात विजेचा काही ना काही भाग राहील.

रात्री दुल्हेभाईंचा फोन आला. सराव बघून परतले होते. भाच्याने निर्णय वाचून दाखवला. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "ठीक आहे. पण तुझं डिझेलचंच करायचं हां."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने ही दोघं इंजिनवर बोलत होती तेव्हा कशावर बोलत होती ते.

भाच्याला शर्यतीचं वेड बापाकडून आलं, पण त्याचा रंग वेगळा. १६ मार्चला सकाळी साडेनऊला ऑस्ट्रेलियाची शर्यत होती आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भूगोलाचा, दहावीचा शेवटचा पेपर. रमजान चालू. सहर करून झोपलाच नव्हता. आपा पुस्तक घेऊन उभी आणि हा मोबाइल घेऊन बसलेला. मेलबर्नला पाऊस पडत होता. शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीतच इझाक हाजार नावाच्या नव्या पोराची गाडी भिंतीवर गेली. त्याची ती पहिलीच शर्यत. तो हेल्मेटवर हात धरून रडत परत चालला होता, आणि हॅमिल्टनच्या वडिलांनी, म्हणजे दुसऱ्याच संघातल्या खेळाडूच्या बापाने, त्याला जवळ घेतलं. भाचाही रडला. हाजारचं कुटुंब मूळचं अल्जीरियाचं, त्यामुळे भाच्याच्या लेखी तो 'आपला'. मला हे 'आपला' म्हणणं थोडं खटकतं. पोरगा पॅरिसचा, त्याला कशेडी कुठे माहीत? पण मी गप्प बसलो. त्या वयात मीही अझरुद्दीनच्या बॅटला 'आपली' म्हणत होतो.

रमजानचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२४ मध्ये बहरीन आणि जेद्दा या दोन्ही शर्यती शनिवारी झाल्या, २ आणि ९ मार्चला. १० च्या रविवारी शर्यत ठेवली असती तर ती रमजानच्या तोंडावर आली असती. जेद्दाची एक दिवस मागे घेतली, आणि दोन शर्यतींमध्ये आठवडा हवा म्हणून बहरीनचीही. या वर्षी दोन्ही ईदनंतर एप्रिलमध्ये ठेवल्या. बहरीनला जिंकणाऱ्यांवर शॅम्पेन उडत नाही, गुलाबपाण्याचं पेय उडवतात. आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना मी हे कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "पण उडवतात कशाला? प्यायचं ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर रविवारी संध्याकाळी घाटाखालच्या गॅरेजमध्ये पाच-सहा पोरं जमतात. जॅकला टेकवून मोबाइल उभा करतात. एक जण एसटीच्या डेपोत शिकाऊ, एक महाडच्या औद्योगिक वसाहतीत, बाकीची शाळा-कॉलेजची. चर्चा अशी चालते की ऐकणाऱ्याला वाटावं, मारानेल्लोहून फेरारीवाले यांनाच विचारून काम करतात. जहान दारूवालाचं नाव हमखास निघतं. मुंबईचा पोरगा, डिसेंबर २०२० मध्ये फॉर्म्युला टूची पहिली शर्यत त्याने साखीरलाच जिंकली. एक पायरी वर जाता आलं नाही, आणि तो विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये गेला. "बघा, तोसुद्धा बॅटरीवर आला," असं भाच्याचं मत. "जागा मिळाली असती तर आला असता का?" असं एसटीवाल्याचं. महिंद्राचा संघ फॉर्म्युला ई मध्ये पहिल्या हंगामापासून आहे, आयआयटी मुंबईची मुलं विजेवरची रेसिंग गाडी बनवून इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत नेतात, हेही भाचा वाचून दाखवतो. आपल्या देशात फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली, ग्रेटर नोएडाला, आणि कराच्या वादात बंद पडली. तिन्ही वेळा वेटल जिंकला. यातल्या बहुतेक पोरांना त्याची आठवणही नाही.

चाचा या चर्चेत भाग घेत नाहीत. ते मोकळ्या पिटाकडे बघत बसतात. २०२३ च्या गणपतीत कशेडीचा एक बोगदा हलक्या गाड्यांसाठी उघडला, पुढे दुसराही. घाटाची जवळपास पाऊण तासाची वळणं दहा मिनिटांवर आली. आम्हा सगळ्यांना बरं झालं. रात्री-अपरात्री खेडकडून येताना पोट ढवळत नाही, अपघाताच्या बातम्या कमी झाल्या. पण क्लच प्लेट जळालेली, ब्रेक तापलेला, हेड गॅस्केट उडालेलं जे काही घाट खाली सोडून द्यायचा, ते चाचांकडे यायचं. ते आता येत नाही. चाचा त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. एकदाच म्हणाले, "मास्तर, घाट होता म्हणून गॅरेज होतं. मी घाटासाठी रडू काय?"

मला त्या रात्रीपासून वाटत राहिलं की इंजिनच्या भवितव्यावर जगभर जी चर्चा चालते ती दोन तऱ्हेच्या माणसांची आहे. एकाला आवाज हवा, थरार हवा. त्याला व्ही-टेन परत मिळालं तर तो तिकीट काढील, नाही मिळालं तर चार दिवस चिडचिड करील. दुसऱ्याचं पोट त्या इंजिनात आहे. दुल्हेभाई पहिल्याच्या भाषेत बोलत होते आणि दुसऱ्याचं बोलत होते. आणि खरं सांगायचं तर पर्यावरणाच्या नावाने हा सगळा खल जितका मोठा वाटतो तितका तो नाही. फॉर्म्युला वनने स्वतःच २०१९ मध्ये हिशेब जाहीर केला होता. त्यांच्या एकूण कार्बनपैकी शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांचा वाटा ०.७ टक्के. बाकीचा बहुतेक सामान विमाना-जहाजांतून जगभर फिरवण्याचा, माणसांच्या प्रवासाचा, कारखान्यांचा. चोवीस शर्यती पाच खंडांत भरवायच्या आणि वाद घालायचा तो दहा सिलिंडर की सहा! पण मोटारकंपन्या तिथे ०.७ टक्क्यांसाठी येत नाहीत. उद्या त्यांना जे विकायचंय ते तिथे दाखवायला येतात. तिथे जे ठरतं ते दहा-पंधरा वर्षांनी चाचांच्या पिटावर येतं. किंवा येत नाही.

१३ मे ला निकाल लागला. भाच्याला ७१ टक्के. आपा मला म्हणाली, "आता तूच सांग त्याला." मी काय सांगणार? आयटीआयच्या अर्जात विकल्प क्रमाने भरायचे असतात. डिझेल मेकॅनिक आणि इलेक्ट्रिक व्हेइकल मेकॅनिक, दोन्ही अभ्यासक्रम यादीत. दुल्हेभाईंचं गणित सरळ होतं. डिझेल शिकला की व्हिसा तेच लावून देणार, ट्रक आणि जनरेटर आखातात अजून वीस वर्षं तरी कुठे जात नाहीत. ते चुकीचं नाही. भाच्याचं गणितही चुकीचं नाही. मी मात्र आधी एकदा पोळलोय. काही वर्षांपूर्वी एका हुशार विद्यार्थ्याला मी छातीठोकपणे एका कोर्सला पाठवलं, शिकवणाऱ्याकडे साधं यंत्र नव्हतं, पोरगं दोन वर्षं फळ्यावरच्या आकृत्या उतरवून परत आलं. तेव्हापासून मी सल्ला देताना खोकतो.

दुल्हेभाई बकरी ईदला आले. मुंबईहून येताना पहिल्यांदा बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी फोटो काढला, गेलेल्या माणसाच्या घरासमोर काढतात तसा. ईदच्या तिसऱ्या दिवशी भाच्याच्या एका मित्राच्या वडिलांची विजेवरची गाडी आली होती. भाच्याने हट्ट धरला की बाबांनी जुन्या घाटाने यायचं. मी मागे बसलो. चढताना दुल्हेभाई सारखे कान लावत होते. कुठेच काही नाही. गिअर नाही, धाप नाही. मंदिराच्या वळणाला ते पुटपुटले, "इथे आम्ही दगड लावायचो." वर पोचून गाडी वळवली आणि उतार लागला. भाच्याने पडद्यावरचा बॅटरीचा आकडा दाखवला. त्यांनी पाय पेडलवरून उचलला, गाडी आपसूक आवळल्यासारखी झाली. त्यांना ते लगेच कळलं. ट्रक उतरवताना दुसऱ्या गिअरला टाकून इंजिनावर धरायचा, तेच हे. फरक इतकाच की तिथे ती सगळी ताकद आवाज आणि उष्णता होऊन जायची. पायथ्याशी येईपर्यंत आकडा एक टक्क्याने वाढला होता.

"एकच?" दुल्हेभाई म्हणाले.

"एवढा एकच घाट आहे ना, बाबा."

ते हसले नाहीत. उतरून त्यांनी बोनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. जाड नारिंगी केबल होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "याला हात लावायचा कसा? कळतं कसं करंट आहे की नाही?" भाच्याने सांगितलं की फॉर्म्युला वनच्या गाडीवर त्यासाठी दिवा असतो, हिरवा असेल तरच हात लावायचा. २००८ मध्ये, ही यंत्रं नवीन होती तेव्हा, स्पेनमध्ये जेरेझला चाचणीच्या वेळी गाडी परत आली, बीएमडब्ल्यूच्या एका मेकॅनिकने तिला हात लावला आणि झटका बसून तो खाली पडला. त्यानंतर रबरी हातमोजे आले. दुल्हेभाईंनी ही गोष्ट पूर्ण ऐकली. शूमाकरची गोष्टही ते इतक्या शांतपणे कधी ऐकत नाहीत. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट फॅन बेल्टने नेलेलं आहे. घरात कोणी त्याचा विषय काढत नाही.

अर्ज मी भरला, माझ्या मोबाइलवरून, दोघांना दोन्ही बाजूंना बसवून. पहिल्या विकल्पाला भाच्याने बापाकडे बघितलं. दुल्हेभाई म्हणाले, "लिही तुला काय लिहायचं ते." त्याने इलेक्ट्रिक लिहिलं, दुसरा डिझेल. दोघांपैकी कोण जास्त घाबरलं होतं ते मला ओळखता आलं नाही.

काल, ६ जुलैला, आशुरा होता आणि संध्याकाळी सिल्व्हरस्टोनची शर्यत. नॉरिस जिंकला. भाचा खूश होता हुल्केनबर्गसाठी. २३९ शर्यतींनंतर तो माणूस पहिल्यांदा पहिल्या तिघांत आला. शर्यत संपून पंधरा मिनिटं झाली आणि दुल्हेभाईंचा फोन आला, या वेळी मला. इंजिनचा विषय नाही, आवाजाचा नाही.

"तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला उत्तर देतील. तिथे जाऊन एवढं विचारा, पोरांना हातमोजे देतात का. हजार व्होल्टवाले. नसतील तर मी इथून पाठवतो, माप घेऊन ठेवा."

आज सोमवार. शाळा सुटल्यावर जाऊन येतो. माप घ्यायचं राहिलं आहे, पोरगा अजून झोपलाय.